ओसरीवरचं ऑफिस

मुखेडच्या बसस्टँडवर उतरून "रुद्राणी दाल मिलचं ऑफिस कुठं हाय?" असं विचारलं तर माणूस डोकं खाजवतो. "शिवकांताअक्काचं घर कुठं हाय?" असं विचारलं तर हातातलं काम टाकून दारापर्यंत सोडायला येतो, आणि आलाच आहे तर आत बसून चहाही पिऊन जातो. ऑफिस आणि घर एकच आहे हे मला पहिल्यांदा गेलो तेव्हा असंच कळलं. मला सोडायला आलेला गृहस्थ माझ्याआधी खुर्चीत बसला होता.

मी फारूक. नांदेडला इतवाऱ्यात माझं दुकान आहे. कंपन्यांची गावोगावची ऑफिसं त्यांच्या मुख्य कॉम्प्युटरला जोडून द्यायची आणि त्या जोडणीतून नको ते आत शिरू द्यायचं नाही, हा माझा धंदा. वडील लग्नाच्या मांडवात लाइट लावायचे, मी त्यांच्या हाताखाली वायरी ओढत मोठा झालो. तेव्हा धंदा तोच आहे, वायर तेवढी लांब झाली. डोकं माझं लवकर तापतं. बायको अख्तरी म्हणते, मशीनला निदान पंखा असतो, तुम्हाला तोही नाही. असा मी, आणि ज्यांच्याविषयी सांगतोय त्या शिवकांताअक्का जन्मात कधी कुणाला नाही म्हणू न शकलेल्या. आमचं जमलं कसं याचं मला अजून नवल वाटतं.

रुद्राणी दाल मिल लातूरची. मालक चंद्रप्पा, पण सगळे त्यांना अप्पा म्हणतात. चाकूर, उदगीर आणि मुखेडला त्यांची खरेदी केंद्रं आहेत. शेतकरी तूर, हरभरा, सोयाबीन घेऊन येतात, माल तोलला जातो, ओलावा बघितला जातो, आणि हे सगळं जागच्या जागी लातूरच्या मुख्य कॉम्प्युटरात चढतं. कुठल्या गोदामात किती माल आहे, आज भाव काय द्यायचा, सगळं त्या एका पेटीत. मुखेडचं केंद्र अक्कांच्या वडिलांनी, सिद्रामप्पांनी सुरू केलं. ते गेल्यावर काम अक्कांकडं आलं. घर साधं, सिमेंटचं, बाजारापासून हाकेच्या अंतरावर. पुढची ओसरी मिलनं भाड्यानं घेतलेली, मागं दोन खोल्या, त्यात अक्का आणि त्यांची आई गंगम्मा.

अक्कांचं लग्न झालं नाही. बघायला आलेल्या मंडळींना त्या स्वतः चुरमुऱ्यांचा सुशीला करून वाढायच्या, मुलाची नीट चौकशी करायच्या, आणि मुलगा चांगला वाटला तर गल्लीतल्या दुसऱ्या एखाद्या मुलीचं नाव सुचवायच्या. अशी बरीच लग्नं त्यांनी जमवली. गंगम्मा अजून सांगतात, "आमच्या दारातून जावई लई गेले, आत एकबी न्हाई आला." अक्का हसतात. त्यांना याचं दुःख आहे असं मला कधी दिसलं नाही.

असल्या बाईच्या ओसरीवर मिलचा कॉम्प्युटर ठेवला होता. मग व्हायचं तेच झालं. कुणाला परीक्षेचा अर्ज भरायचा, कुणाला पीकविम्याची पावती काढायची, कुणाला पुण्यातल्या लेकाचं तोंड बघायचं. मृत्युंजय मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक शिकवणीच्या प्रश्नपत्रिका काढायला रोज येत. अक्कांचं एकच म्हणणं, "कॉम्प्युटर हाय, तर कामी येऊ द्या की."

मी यायच्या आधी तर लातूरचा कॉम्प्युटर साऱ्या जगाला उघडा होता. सगळ्या केंद्रांना मिळून एकच परवलीचा शब्द, तो ज्याला ठाऊक तो आत. ते मी बंद केलं आणि बोगदा केला. म्हणजे असं: मुखेड ते लातूर इंटरनेटचा रस्ता सगळ्यांचा, पण त्यातूनच आपली एक झाकलेली वाट काढायची, बाहेरच्याला आतलं दिसू नये अशी. बोगद्याच्या तोंडाशी दोन प्रश्न. तुझा परवलीचा शब्द काय, आणि आत्ता तुझ्या मोबाइलवर आलेला आकडा काय. मिलमधली बहुतेक माणसं लिंगायत, म्हणून त्यांच्या भेटल्यावरच्या नमस्काराचा दाखला देऊन मी सांगितलं, "लातूर म्हणणार 'शरणु', तुमच्या मशीनला 'शरणार्थी' म्हणता आलं पाहिजे, तरच ओळख पटली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नांदेडला पोचलो आणि फोन सुरू झाले. चाकूर, उदगीर, मुखेड, तिघांनीही परवलीचा शब्द ठेवला होता 'शरणार्थी', आणि मला विश्वासात घेऊन तो अभिमानानं सांगितलाही.

तो बदलून घेतला. पण मोबाइलवरच्या आकड्याचं काय करणार? एका बाजाराच्या दिवशी मी न सांगता मुखेडला गेलो. खुर्चीत मृत्युंजय मास्तर. मशीन चालू केलं की आधी बोगदाच उघडायचा, मग मास्तरांना नुसती प्रश्नपत्रिका काढायची असली तरी.

"अक्का, हे आकडा मागून राहिलंय," मास्तर ओरडले.

"आला, आला. घ्या लिहून," असं म्हणत अक्कांनी भाकरी थापता थापता आतून आकडा वाचून दाखवला. असा खणखणीत, की भाजीवाल्यांनाही ऐकू गेला असेल.

मी तापलो. "अक्का, हा आकडा म्हणजे मिलच्या तिजोरीची किल्ली आहे."

"मग? मास्तर काय चोर हायत का?"

"मास्तर चोर नाहीत हो, पण..."

"मग झालं की. हात धुवा, गरम भाकरी हाय."

भाकरी खाऊन मी परत आलो. भाकरी चांगली होती, हा आणखी वैताग.

पुढं उन्हाळ्यात, जे होणार होतं ते झालं. अक्कांच्या गल्लीत लग्न निघालं. मुलीचा मामा पेनड्राइव्हवर लग्नपत्रिका घेऊन ओसरीवर आला. पत्रिकेत एका आत्याचं नाव राहून गेलं होतं, आणि आत्या रुसल्या होत्या. अक्कांनी तो पेनड्राइव्ह मशीनला लावला, स्वतः बसून आत्याचं नाव घातलं, पत्रिका छापून दिली. पत्रिकेबरोबर जो व्हायरस आला तो बोगद्यातून थेट लातूरला पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलच्या मुख्य कॉम्प्युटरातली सगळी अक्षरं किड्यामुंग्यांसारखी झाली होती. रोजची नक्कल मी वेगळी ठेवायची सोय केलेली होती, म्हणून हिशोब वाचला. पण ती परत चढवेपर्यंत मिल कागदावर चालली, आणि गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. अक्का तोवर आहेर घेऊन त्या लग्नाला जाऊन आल्या होत्या.

अप्पांनी मला लातूरला बोलावलं. अप्पा ओरडत नाहीत. हळू बोलतात, त्याची जास्त भीती वाटते.

"फारूक, मुखेडची वाट बंद कर. तिथं नुसतं गोदाम राहू दे. शिवकांताला इकडं घेतो. मिलच्या आवारात खोली देतो, आईला घेऊन येऊ दे. पगारात कमी करणार न्हाई."

अप्पा वाईट माणूस असते तर मी भांडलो असतो. मी एवढंच म्हणालो, "अप्पा, मला एक संधी द्या. ती वाट मी पक्की करून देतो."

"वाट पक्कीच हाय. माणूस कच्चा हाय," अप्पा म्हणाले. मग खिडकीतून गाड्यांकडं बघत म्हणाले, "दसऱ्याला सोयाबीन सुरू होतंय. दसरा ते दिवाळी बघतो. तेवढ्यात शिवकांताच्या नावानं दुसऱ्या कुणी एकदा जरी मशीन उघडलं, तर विषय संपला. तू येऊन मला सांगायचं. लपवायचं न्हाई."

"नाही लपवणार," मी म्हणालो.

आता लातूर काही परदेश नाही. मिलची खोली फुकटात, पगार तोच. अक्कांना जायला काय झालं, असं कुणीही म्हणेल. अडचण गंगम्मांची होती. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे. पण मुखेडच्या त्या घरात हे नवख्या माणसाच्या लक्षातही येत नाही. चूल कुठं, पाण्याचं भांडं कुठं, उंबरा किती उंच, सगळं त्यांच्या हातापायांना पाठ. बोटांनी चाचपून डाळीतला खडा काढतात, चहा करतात, कपात ओततात, सांडत नाहीत. मागं एकदा भाच्याकडं लातूरला राहायला गेल्या होत्या. तिथं एका पलंगावर बसवलं ते बसवलंच. पाणी प्यायलाही हाक मारावी लागायची. परत आल्यावर त्या घरभर भिंतींना हात लावत फिरल्या, असं अक्का सांगत होत्या. मुखेड सुटलं तर अव्वा, म्हणजे आई, पलंगावरची वस्तू होणार, हे अक्कांना ठाऊक होतं आणि त्यांच्याकडून ऐकल्यावर मलाही.

अप्पांचा निरोप मी ओसरीवर बसून हळू आवाजात सांगितला. अक्कांचा चेहरा उतरला. त्या एवढंच म्हणाल्या, "अव्वाला सांगू नका."

आतून आवाज आला, "काय सांगू नका? ऐकलं मी. मी न्हाई जात कुठं."

त्या दिवसापासून मी हात धुऊन मुखेडच्या मागं लागलो. ओसरीवर पाटी लावली, 'बाहेरच्या व्यक्तींनी कॉम्प्युटरला हात लावू नये'. पुढच्या वेळी गेलो तर पाटीवर खतांच्या दुकानाचं कॅलेंडर. अक्का म्हणाल्या, "येणाऱ्याला वाईट वाटतं हो." खुर्चीभोवती दोरी बांधली, तर तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला. मी फोनवर रागावलो, समोर रागावलो. शेवटी एकदा त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "फारूकभाई, ऑफिस असतं तर म्हणाले असते. हे घर हाय. घरात बसलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणू?"

परत येताना एसटीत मी तोच विचार करत होतो. मग मला वडिलांचे मांडव आठवले. लग्नात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. अख्खं गाव येतं. पण सोयऱ्यांची बैठक वेगळी, वऱ्हाडाची वेगळी, आणि आचाऱ्याच्या चुलीपाशी कुणी जात नाही, कारण तिथं बसायला जागाच ठेवलेली नसते. येणाऱ्याला अडवायचं नाही, त्याला बसायला दुसरी चांगली जागा द्यायची. एवढी साधी गोष्ट मला इतक्या चकरांनंतर सुचली, याचं मला हसू आलं.

मी दुकानातला एक जुना कॉम्प्युटर उचलला आणि अक्कांच्या ओसरीत दाराजवळ मांडला. त्याला इंटरनेटची वेगळी लाइन, शेजारी प्रिंटर, समोर बाक. लातूरशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्यात कुणी दहा लग्नांच्या पत्रिका आणल्या तरी मिलला धक्का लागणार नाही. मिलचा कॉम्प्युटर आत सरकवला, सैपाकघराच्या दाराशी. अक्का इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्या पाहुण्यांच्या मशीनला हळदकुंकू लावलं. आता त्यांना साऱ्या मुखेडला हो म्हणता येणार होतं.

मोबाइलवरचा आकडाही मी काढून टाकला, कारण तो मोठ्यानं वाचता येतो. त्याऐवजी सगळ्या केंद्रांना आणि अप्पांनाही एकेक छोटी चावी दिली. अंगठ्याएवढी. ती मशीनला लावून बोट टेकवलं, कुणाचंही, की बोगदा उघडतो, काढली की मिटतो. तिची नक्कल होत नाही आणि ती फोनवर सांगता येत नाही. मी अक्कांना बजावलं, "ही तुमची. फक्त तुमची." त्यांनी मान हलवली आणि चावी टेबलाच्या खणात ठेवली.

दसऱ्याच्या थोडं आधीची गोष्ट. अक्कांनी मला फोन केला, अर्धापूरची केळी आणाल का, अव्वाला आवडतात. मागं बाजाराचा गलका. बोलता बोलता माझी नजर समोरच्या पडद्यावर गेली. कोण केव्हा आत शिरलं ते मला नांदेडला दिसतं. तिथं होतं, शिवकांता, मुखेड, चालू.

"अक्का, तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"बाजारात. मेथी घेऊन राहिले."

"मग तुमच्या मशीनवर कोण बसलंय?"

"मास्तर असतील. बाहेरच्या मशीनला लई गर्दी होती, त्यांची घाई होती. म्हणलं चावी खणात हाय, आतल्यावर काढा."

मी फोन ठेवला. इथून त्यांची जोडणी तोडली, गाडीला किक मारली आणि मुखेड गाठलं. पोचेपर्यंत डोकं भडकलेलंच होतं. ओसरीवर चार माणसं बसलेली असताना मी अक्कांना नको तेवढं बोललो. दसऱ्यानंतर हे झालं असतं तर मला आजच लातूरला जाऊन सांगावं लागलं असतं, अव्वांना पलंगावर नेऊन बसवायचं आहे का, असंही बोललो. अक्का रडायला लागल्या. मास्तर चष्मा पुसत उठून गेले. मला स्वतःची लाज वाटली, पण राग गेला नव्हता.

गंगम्मांनी आतून हाक मारली, "फारूक, आत ये."

मी गेलो. त्या चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या. त्यांनी मला खाली बसायला लावलं.

"तिला ओरडून काय व्हनार हाय? तिच्या हातात काय बी दे, ते गावाचं होतं. शाळेत दप्तर दिलं तर दप्तर वाटून आली. स्वेटर दिलं तर स्वेटर. तिचं म्हणून एकच हाय." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "गळ्यातलं. ते तिनं कधी कुणाला दिलं न्हाई. आन कुणी मागितलंबी न्हाई."

त्यांचा अर्थ मला कळला. लिंगायतांत लहानपणीच गुरूच्या हातून इष्टलिंग मिळतं. डबीत ठेवून, दोऱ्यानं गळ्यात, जन्मभर अंगावर. ते ज्याचं त्याचं. नवरा बायकोला देत नाही, आई लेकीला देत नाही. माझं अर्धं आयुष्य या लोकांच्या घरांत वायरी ओढण्यात गेलं, तेव्हा मला एवढं ठाऊक आहे. आणि ठाऊक आहे म्हणूनच मी कचरलो. माझ्या दुकानातली प्लास्टिकची चावी, आणि ती कशाच्या शेजारी?

"अव्वा, ही गोष्ट मी नाही बोलू शकत. माझ्या तोंडी शोभणार नाही," मी म्हणालो.

"तू कशाला बोलतोस? मी बोलते की. चावी आण."

त्यांनी फडताळातून दोरा काढला. न बघता, म्हणजे बोटांनीच बघून, चावीच्या छिद्रातून ओवला आणि घट्ट गाठ मारली. मग लेकीला हाक मारली. अक्का डोळे पुसत आल्या, दोरा बघून दचकल्या.

"लिंगासंगं न्हाई घालायची मी," त्या म्हणाल्या. इतक्या ठाम आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"कोण म्हणतंय लिंगासंगं? येगळा दोरा, खाली. पर गळ्यात," गंगम्मा म्हणाल्या.

अक्कांनी मान वाकवली. आईनं चाचपडत दोरा घातला. मी भिंतीकडं बघत होतो. मला तिथं असायला नको होतं असं वाटत होतं, आणि असल्याचं बरंही वाटत होतं.

दसरा झाला. सोयाबीनच्या गाड्या लागल्या. मी रोज पडद्यावर मुखेड बघायचो. अक्का खुर्चीत असल्या की चालू, उठल्या की बंद. पाणी प्यायला गेल्या तरी बंद. बाहेरच्या मशीनवर मास्तरांच्या प्रश्नपत्रिका, कुणाच्या पावत्या, कुणाचे व्हिडिओ, सगळं मजेत चाललेलं. मास्तरांशी मी दिलजमाई केली, त्यांना केळी नेऊन दिली. मला मनापासून समाधान वाटत होतं. तरी धाकधूक होतीच. अजून अक्कांनी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

ती आली दिवाळीच्या तोंडावर. बाजाराचा दिवस, बाकावर माणसं दाटीनं बसलेली, मी खाली बसून प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होतो. दारात गाडी थांबली आणि अप्पा उतरले. देगलूरकडून परत येताना वाटेत थांबले होते. मला बघायला, जोखायला वगैरे आले नव्हते. हैदराबादचा एक व्यापारी फोनवर खोळंबला होता, आणि चाकूरच्या गोदामात तूर किती आहे ते त्यांना ताबडतोब हवं होतं. त्यांची स्वतःची चावी लातूरला घरी राहिली होती. चाकूरचा फोन लागत नव्हता.

अप्पा सरळ आत गेले आणि अक्कांच्या खुर्चीत बसले. ओसरीवरची माणसं उभी राहिली. अक्का चहा घेऊन आल्या.

"शिवकांता, तुझी चावी दे गं इकडं. चाकूरचा माल बघायचाय."

"आधी चहा घ्या, अप्पा."

"घेतो. चावी दे."

"काय बघायचं ते सांगा. मी बघून सांगते."

"अगं, मला येतं बघायला. गडी फोनवर थांबलाय. आण."

ही बाई देणार, हे मला दिसत होतं. ती साऱ्या गावाला देत आली होती, आणि हा तर तिचा मालक, वडिलांच्या जागचा माणूस. बोलावं तर अप्पांपुढं माझी काय बिशाद, आणि न बोलावं तर त्यांनीच घातलेली अट मोडत होती. त्यांना ती आठवतही नसावी. अक्कांचा हात गळ्याशी गेला. अप्पांना वाटलं, काढतेय. त्यांनी तळवा पुढं केला.

अक्कांनी चावी मुठीत धरली.

"गळ्यातलं कुणी मागतं का, अप्पा?"

फोनमधून तो व्यापारी "हॅलो, हॅलो" करत होता. अप्पांचा तळवा तसाच राहिला, मग हळूहळू वळून त्यांच्या स्वतःच्या छातीवर गेला, सदऱ्यावरून, जिथं त्यांचं लिंग असतं तिथं. ते खुर्चीतून उठले.

"तूच बस," ते म्हणाले.

ते ओसरीवर आले. मास्तरांनी सरकून जागा केली आणि रुद्राणी दाल मिलचे मालक एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला कांद्याची पिशवी, असे बाकावर बसले. तिथूनच त्यांनी विचारलं, "चाकूरला तूर किती हाय?" अक्कांनी चावी लावली, बोट टेकवलं, बघितलं आणि सांगितलं. अप्पांनी ते फोनवर सांगितलं. सौदा जमला की नाही ते मला कळलं नाही, माझं तिकडं लक्षच नव्हतं.

निवून गेलेला चहा अप्पांनी तसाच प्यायला. आत जाऊन गंगम्मांना नमस्कार केला. निघताना गाडीपाशी मला बोलावलं.

"चाकूरच्या आन उदगीरच्या लोकांना बी दोरे आण," ते म्हणाले.

"आणतो. आणि मुखेड?"

"मुखेडचं काय? मुखेड चालू हाय."

गाडी वळेपर्यंत मी रस्त्यातच उभा होतो. परत आलो तर अक्का उंबऱ्यावर बसलेल्या, चेहरा पांढरा पडलेला. "फारूकभाई, मी अप्पांना न्हाई म्हणाले व्हय?" त्यांनी विचारलं.

"हाव अक्का. म्हणालात."

"आता काय म्हणतेत ते?"

"मुखेड चालू हाय म्हणतात. तुम्हाला कुठं जायचं नाही."

त्यांनी माझ्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग उठून जवळजवळ पळतच मागच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेलो. गंगम्मा पलंगावर बसून तूर निवडत होत्या.

"अव्वा, लातूरला जायचं न्हाई आता."

"मी कुठं जाऊन राहिले होते?" गंगम्मा म्हणाल्या. मग त्या माझ्या दिशेनं वळून म्हणाल्या, "फारूक, पलंगाखाली गाठोडं हाय. तेवढं वढून सोड बाबा."

मी ओढलं. जुन्या लुगड्यात घट्ट बांधलेलं. आत त्यांची दोन लुगडी, विभूतीची डबी, पाणी प्यायचा तांब्या आणि फडक्यात गुंडाळलेली सांडशी. मी अप्पांचा निरोप घेऊन आलो होतो, त्याच दिवशी त्यांनी ते बांधून ठेवलं होतं.

"ही सांडशी मी कवापासून हुडकून राहिले, अव्वा," अक्का म्हणाल्या. "हात भाजून घेऊन राहिले रोज."

"मग? तिथं गेल्यावर नवी कुठं हुडकत बसले असते मी? हिची मूठ मला ठावं हाय."

"तू तर म्हणत हुतीस, न्हाई जात म्हणून."

"तू गेली असतीस तर मी काय हितं एकटी बसणार हुते?"

अक्का सांडशी हातात घेऊन खाली बसल्या आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळ्या रडल्या. गंगम्मांनी त्यांच्या केसांवरून, पाठीवरून हात फिरवला, गळ्यातले दोन्ही दोरे चाचपून पाहिले.

"ऊठ आता," त्या म्हणाल्या. "ओसरीवर माणसं बसलीत."